जुनिपरची बरणी आणि गावाच्या पाठी

कोबी खारवताना त्यात जुनिपरची फळे किती घालावीत, यावर जर्मनीतल्या श्टाइनहोफन गावात दोन मते नव्हती. वालबुर्गाबाई राउख यांचे एक मत होते आणि गावाला ते पुरत असे. फळे अखंड घालायची नाहीत, ती मुकी राहतात. कुटायचीही नाहीत, ती कडवटतात आणि मग वर्षभर कुरकुर करतात. सुरीच्या पात्याची बाजू त्यांच्यावर ठेवून हलकेच दाबायचे. फळाने एकदाच 'हं' म्हटले की थांबायचे. हे 'हं' ज्याला ऐकू येत नाही त्याने स्वयंपाकघरात न आलेले बरे, असे वालबुर्गाबाईंचे स्वच्छ मत होते, आणि ते त्यांनी दोन्ही सुनांना लग्नाच्या जेवणातच सांगून टाकले होते.

वालबुर्गाबाई कै. पोस्टमास्तर राउख यांच्या पत्नी. त्या कुणाकडे कधी काही मागत नसत. त्या सांगत, आणि लोक करीत. नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाच्या दिवशी, चर्चच्या दालनात सगळे गाव भाजलेल्या हंसाला बसे, तेव्हा त्या हंसाशेजारी वाढायचा आंबट कोबी त्यांच्याच तळघरातल्या दगडी रांजणातून येई. हा मान त्यांना कुणी दिलेला नव्हता. त्यामुळे तो कुणाला काढूनही घेता येत नव्हता, असे त्यांना त्या ऑक्टोबरपर्यंत वाटत होते.

त्या ऑक्टोबरात त्या तळघरात उतरल्या तेव्हा कोबीचे गड्डे रांगेत मुकाट बसले होते, मीठ होते, रांजण घासून पालथा घातलेला होता आणि रांजणातला कोबी दाबण्याचा गुळगुळीत दगड जागच्या जागी होता. या दगडाच्या एका बाजूला अंगठा बरोबर बसेल असा खळगा होता. दगड राउख घराण्याचा, पिढीजात, असे वालबुर्गाबाई सांगत; आणि एखादी गोष्ट इतकी वर्षे सांगितली म्हणजे ती खरी होण्यावाचून तिला गत्यंतर राहत नाही. सगळे होते. जुनिपरची बरणी मात्र नव्हती. फळीवर तिच्या बुडाचा गोल डाग होता आणि त्या डागाभोवती तो ओळखीचा वास, राळेचा आणि थंडीचा, अजून घुटमळत होता; मालक निघून गेल्यावर कुत्रे दाराशी घुटमळावे तसा.

आता कुणी म्हणेल, बरणी गेली तर गेली, दुसरी फळे आणावीत. असे म्हणणारे गावात निघालेच. औषधांच्या दुकानातल्या बाईंनी पुडीतली, परदेशची फळे सुचवली; ती वालबुर्गाबाईंनी एकदा हुंगून, मेलेल्या माणसाचा हात ठेवावा तशी खाली ठेवली. पाद्रीबाबांनी तमालपत्र सुचवले. त्या रविवारपासून वालबुर्गाबाई त्यांचे प्रवचन डोळे उघडे ठेवून ऐकू लागल्या, आणि पाद्रीबाबा मजकूर विसरू लागले.

जुनिपरचे एक आहे. त्याला घाई चालत नाही. एकाच फांदीवर यंदाचे हिरवे फळ, गेल्या सालचे राखाडी फळ आणि त्याच्याही आधीचे काळेनिळे पिकले फळ शेजारी शेजारी बसलेले असते, घरात नात, आई आणि आजी असावी तशी. कामाची असते ती आजी. गावामागच्या माळावर, मेंढ्यांच्या चरणीच्या उतारावर, अशी झुडपे शेकड्यांनी उभी होती, आणि दरवर्षी वालबुर्गाबाई खाली चादर अंथरून काठीने ती हलकेच झोडपीत. परंतु गेल्या हिवाळ्यात सरकारने माळ संरक्षित केला आणि हेगेलेसाहेब नावाचे एक कोरे करकरीत रक्षक नेमले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात वालबुर्गाबाईंची झोडपण्याची काठी जप्त केली आणि पाटी लावली : दर माणशी एका मुठीत मावतील तेवढीच फळे. वालबुर्गाबाईंनी विचारले की मूठ कुणाची. साहेब म्हणाले, ज्याची त्याची. हातमोजा घातलेली चालेल का, या प्रश्नावर त्यांनी वरिष्ठांना विचारून सांगतो म्हटले, आणि ते अजून विचारीतच आहेत.

रांजणाला लागत होत्या अनेक मुठी. म्हणजे गावातल्या अनेकांना माळावर पाठवायला हवे, म्हणजे त्यांच्याकडे मागायला हवे. हा मार्ग वालबुर्गाबाईंनी न पाहताच बंद केला.

आणि मागायचे कशाला? बरणी चोरीला गेली होती. चोर कोण, हेही उघड होते. शेजारच्या क्लोथिल्डेबाई एग्ले आधल्याच आठवड्यात आलुबुखाराचा केक घेऊन कॉफीला आल्या होत्या आणि जाता जाता "तुझ्या तळघरात गारवा कसा छान राहतो गं," असे म्हणाल्या होत्या. दुसऱ्याच्या तळघरातल्या गारव्याची चौकशी निर्मळ मनाची बाई करीत नाही. शिवाय महिला मंडळाच्या बैठकीत कुणीतरी, अगदी गोड आवाजात, यंदा कोबीचे काम क्लोथिल्डेवर सोपवावे का, वालबुर्गाबाईंना तेवढीच विश्रांती, असे सुचवल्याचे त्यांच्या कानी आले होते. रविवारपर्यंत रांजण भरला नाही तर कोबी सेंट मार्टिनपर्यंत मुरणार नव्हता. तसे झाले असते तर मान गेला असता आणि बदल्यात विश्रांती आली असती. वालबुर्गाबाईंना या दोहोंत विश्रांतीचीच धास्ती अधिक होती.

म्हणून त्यांनी सासूबाईंनी शिकवलेला जुना उपाय करायचे ठरवले.

त्या भागात म्हण आहे : एल्डरच्या झुडपापुढे टोपी काढावी, जुनिपरपुढे गुडघे टेकावेत. जुनिपरात कुणीतरी राहते. कोण, हे विचारायचे नसते. चोरी झाली तर सूर्य उगवण्यापूर्वी, कुणाशीही न बोलता, माळावर जायचे. जुनिपरची एक फांदी डाव्या हाताने पूर्वेकडे जमिनीपर्यंत वाकवायची, तिच्यावर दगड ठेवायचा आणि सांगायचे. मग चोराची पाठ वाकते, आणि ज्याचे त्याला परत मिळेपर्यंत सरळ होत नाही. ताठ माणसाला शिक्षा करायची याहून चांगली रीत नाही, असे सासूबाई म्हणत. आणि म्हणताना सुनेकडे बघत.

वालबुर्गाबाईंनी गुडघे टेकण्याचा भाग वगळला. राउख घराण्यात तशी पद्धत नव्हती. दगड मात्र घरचाच नेला. माळावरचे दगड चुनखडीचे, ठिसूळ. अशा कामाला खात्रीचा दगड हवा म्हणून त्यांनी रांजणातला पिढीजात दगड पिशवीत घातला.

धुके इतके दाट होते की पुढे केलेला हात दुसऱ्याचा वाटावा. धुक्यात जुनिपरची झुडपे झुडपांसारखी दिसत नाहीत. ती माणसाच्या उंचीची असतात, खांदे पाडून, अंगाभोवती शाल लपेटून उभी असतात, आणि आपण जवळून गेलो की नुकतेच बोलणे थांबवल्यासारखी वाटतात. वालबुर्गाबाईंनी कुणालाही नमस्कार केला नाही. त्यांनी एक झुडूप निवडले आणि फांदी धरली. फांदी ताठ असेल, झगडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. फांदी झगडली नाही. वाट पाहत असल्यासारखी सावकाश खाली आली. वालबुर्गाबाईंना ते आवडले नाही; पण सुरू केलेले काम अर्धवट टाकण्याचीही राउख घराण्यात पद्धत नव्हती.

"जुनिपरा, तुला वाकवते, तुला दाबते," त्या म्हणाल्या. "माझ्या तळघरात दुसऱ्याची वस्तू घ्यायला जो हात गेला, त्याची पाठ वाकव. ज्याचं त्याला मिळेस्तोवर सोडू नकोस."

शब्द जरा घाईत जुळवले होते. तेव्हा ते त्यांच्या लक्षात आले नाही. झुडपाच्या आले असावे.

येताना त्या पाववाल्याच्या बायकोकडे थांबल्या आणि तिला हे विश्वासात घेऊन सांगितले. कुणाला कळू द्यायचे नाही, असेही बजावले. गुप्त गोष्ट गावभर न्यायची तर ती एकाच, पण योग्य माणसाला सांगावी लागते.

दुसऱ्या दिवशी चर्चची घंटा वाजवणारा आंटोन कमरेवर हात ठेवून लंगडत आला. मग खाटीक वाकला. मग औषधांच्या दुकानातल्या बाई, मग पाद्रीबाबा. आशीर्वाद द्यायला त्यांनी हात वर केला तो तिथेच राहिला. डॉक्टर म्हणाले, बटाट्याच्या काढणीच्या दिवसांत गावाच्या पाठी धरतातच, गरम पाण्याची पिशवी घ्या. त्या दुखण्याला तिकडे चेटकिणीचा बाण म्हणतात आणि डॉक्टरही चिठ्ठीवर तसेच लिहितात. त्यामुळे त्यांच्या बोलण्याने कुणाला धीर आला नाही.

वालबुर्गाबाईंना प्रथम समाधान वाटले. नंतर अडचण वाटू लागली. बरणी एक आणि वाकलेले इतके, म्हणजे गावाने वर्गणी काढून चोरी केली की काय? शिवाय ज्या पाठीवर त्यांचा डोळा होता, ती क्लोथिल्डेबाईंची पाठ, कुंपणापलीकडे दोरीवर चादरी वाळत घालताना झाडूच्या दांड्यासारखी सरळ होती.

आणि मग वस्तू येऊ लागल्या. पहाटे दार उघडावे तो पायरीवर एक पळी. दुसऱ्या दिवशी फांद्या छाटण्याची कात्री आणि केकचा साचा. हिवाळ्यातला एकच, डाव्या पायाचा, बर्फावर घसरण्याचा बूट. गावाने वर्षानुवर्षे उसने नेलेले सगळे, आणि काही असेही की जे वालबुर्गाबाईंचे नव्हतेच. पण भ्यालेला माणूस हिशेब जरा सैल हातानेच चुकता करतो. माणूस कुणीच दिसत नसे. धुक्यात फक्त वाकून चालणाऱ्याची पावले ऐकू येत, फरफटत जाणारी.

शनिवारी सकाळी, पायऱ्या झाडायला त्या बाहेर आल्या तेव्हा दाराला टेकून एक काठी उभी होती. हाडाच्या मुठीची, काळ्या लाकडाची, टोकाशी पितळी टोपण. पोस्टमास्तरांची काठी. ती वालबुर्गाबाईंनी स्वतःच्या हाताने त्यांच्याबरोबर शवपेटीत ठेवली होती.

आता याची दोनच उत्तरे संभवत होती. शवपेटी बंद करणाऱ्यांपैकी कुणीतरी ती काठी लांबवली होती, किंवा नव्हती लांबवली. दोहोंपैकी कोणतेही उत्तर सकाळच्या कॉफीबरोबर पचणारे नव्हते. काठीच्या टोपणाला ओली माती होती. वालबुर्गाबाईंनी ती माती आधी केरसुणीने झटकली, कारण शनिवार होता. मग काठी उचलायला त्या खाली वाकल्या.

पाठीत कुठेतरी, बारीक, अगदी सभ्य आवाजात, 'हं' झाले.

त्या वर आल्या नाहीत.

बाई किंचाळल्या नाहीत. ज्या कोनात होत्या त्याच कोनात त्यांनी काठी टेकली, दार लावले आणि स्वतःला समजावले की हा बाण आहे, बटाट्याचे दिवस आहेत. पण त्यांनी यंदा बटाटे काढले नव्हते. घरात सगळे उलटे झाले होते. आरशात त्यांच्या जागी भिंत दिसत होती. टेबलाच्या वर असणारे सगळे आयुष्य नाहीसे झाले होते आणि खालचे आयुष्य, जे इतकी वर्षे सुनांवर सोपवले होते, ते समोर आले होते : खुर्च्यांचे पाय, धाकट्या सुनेने न पुसलेली भिंतीलगतच्या फळ्यांची कड, आणि शेगडीलगतच्या बाकाखाली, अगदी आत, पोस्टमास्तरांच्या लोकरी पायमोज्यात गुंडाळलेली एक गोल वस्तू.

पायमोज्यातून राळेचा आणि थंडीचा वास आला.

तेव्हा त्यांना आठवले. क्लोथिल्डे कॉफीला येणार होती. बरणी ओट्यावर होती, फळे यंदा तळाला गेली होती, ते क्लोथिल्डेने पाहू नये म्हणून घाईघाईने बरणी लपवणारा हात... वालबुर्गाबाईंनी तो हात समोर धरून पाहिला. त्याच कोनातून तेवढाच दिसत होता.

म्हणजे चोर नव्हता. पण पाठ वाकली होती. वस्तू सापडली तरी पाठ सुटली नव्हती, ही गोष्ट वालबुर्गाबाईंना सगळ्यांत अन्यायाची वाटली. रांजण उद्या भरायचा होता. वाकलेल्या बाईला रांजणात हात घालता येतो, पण बाहेर काढता येत नाही.

त्याच वेळी मागच्या दाराने क्लोथिल्डेबाई आत आल्या. हातात केक होता. त्यांनी वालबुर्गाबाईंकडे पाहिले, बरणीकडे पाहिले, पायमोज्याकडे पाहिले आणि केक टेबलावर ठेवला. दुसरी बाई हसली असती. क्लोथिल्डेबाईंनी टोपीची गाठ पुन्हा बांधली.

"हातगाडी आणते," त्या म्हणाल्या. "चालत तू माळापर्यंत पोचायची नाहीस."

"मी गाडीत बसणार नाही."

"नको बसूस. तू बसायच्या आकारात आहेस कुठे? आडवी पड."

त्या प्रवासाबद्दल वालबुर्गाबाई पुढे कधी बोलल्या नाहीत, तेव्हा आपणही फार बोलू नये. बटाट्यांची गाडी होती, खाली गोणपाट होते, वर धुके होते म्हणून अब्रू राहिली. काठी त्यांनी छातीशी धरली होती. गावातल्या खिडक्यांचे पडदे मात्र धुक्याला न जुमानता हलत होते.

माळाच्या फाटकाशी हेगेलेसाहेब भेटले. तेही वाकलेले होते. त्या स्थितीतही त्यांनी नियम सांगितला : फांदी वाकवणे हा गुन्हा आहेच, परंतु वाकवलेली फांदी परवानगीशिवाय सोडवणे हीही संरक्षित वनस्पतीतली ढवळाढवळ आहे, पाहणी होईपर्यंत सगळे जैसे थे ठेवावे. पाहणी कधी होईल, असे विचारता ते म्हणाले, वसंतात.

वालबुर्गाबाईंनी गाडीतून, झोपल्या झोपल्या, त्यांच्याकडे नुसते पाहिले. मग त्यांच्या कमरेकडे पाहिले. साहेब मग फाटकामागच्या खोलीत गेले आणि जप्त केलेली झोडपण्याची काठी घेऊन आले. ती त्यांनी गाडीत, फार आदराने, ठेवली.

"धुकं फार आहे," ते म्हणाले. "मला काही दिसत नाही."

वर माळावर पोचल्यावर क्लोथिल्डेबाईंनी गाडी थांबवली आणि उताराकडे बोट केले. वालबुर्गाबाईंना गाडीतून उतरून पाहावे लागले.

उतारावरची झुडपे वाकलेली होती. एक नव्हे, नजर पोचेल तिथवर. प्रत्येकाची एक फांदी पूर्वेकडे जमिनीला लावलेली आणि तिच्यावर दगड. कुठे वीट, कुठे वजनाच्या काट्यातले माप, एका फांदीवर तर चर्चच्या दाराला अटकाव म्हणून ठेवायचा संगमरवरी तुकडा, पाद्रीबाबांचा असणार. पाववाल्याच्या बायकोने आपले काम चोख केले होते. उपाय ऐकून सगळे गाव पहाटे, एकेकटे, न बोलता इथे येऊन गेले होते आणि प्रत्येकाने दुसऱ्या कुणाला तरी बांधून ठेवले होते. आणि ती सगळी झुडपे, शाली लपेटून, कमरेत वाकून, या दोघींकडे तोंड करून उभी होती. वारा नव्हता. तरी सुयांची सळसळ चालू होती, दबक्या आवाजात नावे वाचावीत तशी.

"तुझं कुठलं?" क्लोथिल्डेबाईंनी विचारले.

वालबुर्गाबाईंना सांगता येईना. सगळीच त्यांची असावीत तशी दिसत होती. मग क्लोथिल्डेबाई एकेका झुडपाशी जाऊन दगड चाचपू लागल्या आणि एका ठिकाणी थबकल्या. त्यांचा अंगठा दगडातल्या खळग्यात बरोबर बसला होता. आयुष्यभर तिथेच असल्यासारखा.

"हा माझ्या आजीचा दगड," त्या म्हणाल्या.

वालबुर्गाबाईंनी दगडाकडे नीट पाहिले. त्यांना तो हिवाळा आठवला, ज्या हिवाळ्यात राउखांचा दगड हिमाने दुभंगला होता आणि शेजारणीने कुंपणावरून आपला दिला होता. माझ्या तळघरात दुसऱ्याची वस्तू घ्यायला जो हात गेला. शब्द त्यांचेच होते. झुडपाने एक अक्षरही वाढवले नव्हते.

"परत मागितला का नाहीस कधी?"

"तुझ्याकडं? तू सांगत होतीस सगळ्यांना, घराण्याचा म्हणून. मला वाटलं, असेल बाई. माझंच चुकत असेल."

क्लोथिल्डेबाईंनी दगड उचलायला हात घातला, पण तो हलला नाही. कोबी दाबायचा दगड, घरात दोन हातांनी सहज उचलता येई. इथे तो मुळे फुटल्यासारखा बसला होता. वालबुर्गाबाईंच्या ध्यानात आले की तो कुणी उचलायचा आहे. आणि वाकलेल्या माणसाला तिथवर पोचायचे तर एकच मार्ग उरतो.

श्टाइनहोफनच्या माळावर, ओल्या गवतात, वालबुर्गाबाई राउख यांनी गुडघे टेकले.

दगड पावाइतका हलका वर आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी पुढे केला आणि शेजारणीला दिला. "ज्याचं त्याला," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. क्लोथिल्डेबाईंना तो लहानपणी, दोघी शाळेत असताना ऐकल्यासारखा वाटला.

फांदी उठली. झपकन नव्हे, आळस दिल्यासारखी, आणि उठता उठता तिने वालबुर्गाबाईंच्या डोक्यावरची टोपी अलगद काढून गवतात ठेवली. पाठीत पुन्हा 'हं' झाले. त्या उभ्या राहिल्या, पूर्ण उंचीने, आणि त्यांना धुक्याच्या वरचा थोडासा आकाशाचा तुकडा दिसला.

खाली उतारावर कुठेतरी एक दगड घरंगळला. मग दुसरा. मग धुक्यात सगळीकडून दगड उतरू लागल्याचा आवाज आला, सावकाश, एकामागून एक. दोघींनी मागे वळून पाहिले नाही. वालबुर्गाबाईंनी टोपी उचलून डोक्यावर घातली. क्लोथिल्डेबाईंनी गाडी धरली आणि वालबुर्गाबाईंनी तिची दुसरी मूठ.

दोघी गावात शिरल्या. शिरल्यावर वालबुर्गाबाई थांबल्या. घसा साफ केला, टोपी सरळ केली. वाक्य तयार व्हायला वेळ लागला, कारण ते त्यांनी पूर्वी कधी वापरले नव्हते.

"क्लोथिल्डे, यंदा कोबीला दगड देशील का?"

क्लोथिल्डेबाईंनी पिशवीतला दगड चाचपला. "देईन की. उद्या आधी काठीनं फळं झोडपून आणू, मग दोघी मिळून भरू रांजण. तू फळं दाब, मी कोबी दाबते." आणि थोडे चालून, "पण मार्टिनच्या जेवणात दगड कुणाचा ते मी सांगणार."

"सांग," वालबुर्गाबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांना मागण्यापेक्षाही जड गेला.

घरी आल्यावर त्यांनी कोट काढला आणि काठी ठेवायला हात मागे नेला. हातात काठी नव्हती. झोडपण्याची होती, गाडीत; पोस्टमास्तरांची नव्हती. क्लोथिल्डेबाईंना विचारले, गोणपाट झटकून पाहिले. माळावर उतरताना हातात होती, गुडघे टेकताना तिचाच आधार घेतला होता, इथपर्यंत दोघींना आठवत होते. पुढचे आठवत नव्हते. दारात सकाळच्या टोपणाची ओली खूण अजून होती, आणि खिडकीतून दफनभूमीच्या बाजूला धुके थोडे विरळ झालेले दिसत होते.

क्लोथिल्डेबाई म्हणाल्या, परत जाऊन शोधू या का?

वालबुर्गाबाईंनी पायरीवरची खूण पुसली, दार लावून घेतले आणि सुरी धार लावायला काढली.

"नको," त्या म्हणाल्या. "ज्याचं त्याला."